इंग्रजी शब्द वाक्यासकट कसा शिकावा

बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलांच्या तोंडी 'फावणे' हे क्रियापद फार असते. पुण्याहून आलेल्या माझ्या आत्याला घरातल्या मुलीने एकदा सहज विचारले, "आत्या, रात्री खिचडी फावेल ना?" आणि आत्या क्षणभर बघतच राहिली. तिच्या मराठीत लबाडांचे फावते, फावल्या वेळात विणकाम करता येते, पण खिचडी काही फावत नाही. मुलीने गुजरातीतला 'चालेल, सोयीचे पडेल' हा अर्थ मनात धरला होता. दोन्ही भाषांत शब्द जवळजवळ एकच असला, तरी त्याच्या मागेपुढे काय येऊ शकते हे दोन्हीकडे निराळे आहे, आणि ज्याला हे मागचेपुढचे ठाऊक नाही त्याला तो शब्द येतो असे म्हणता येत नाही. इंग्रजी शब्द शिकताना आपण नेमका हाच भाग सोडून देतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द आणि मधे उभी रेघ, अशा तीन वह्या मी स्वतः शाळेत असताना भरल्या होत्या.

त्या वह्यांचा हिशेब पुढे एका पत्रात चुकता झाला. माझ्या वहीत 'डाउट' या शब्दापुढे 'शंका' असे लिहिलेले होते. एका महिन्याचे विजेचे बिल नेहमीच्या दुपटीहून अधिक आले, म्हणून मी संबंधित कार्यालयाला इंग्रजीत पत्र लिहिले आणि त्यात 'आय डाउट दॅट धिस बिल इज राँग' असे वाक्य घातले. बिल चुकले असावे अशी मला शंका आहे, असे मला म्हणायचे होते. प्रत्यक्षात मी लिहिले होते की बिल चुकले असेल असे मला वाटत नाही. मराठीतली शंका दोन्ही बाजूंना वळते. 'तो येईल याची मला शंकाच आहे' म्हणजे तो बहुधा येणार नाही, आणि 'त्यानेच पैसे घेतले अशी मला शंका आहे' म्हणजे बहुधा त्यानेच घेतले. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'डाउट' येतो आणि दुसऱ्या ठिकाणी 'सस्पेक्ट' येतो. हा भेद एका शब्दाच्या प्रतिशब्दात मावत नाही. तो व्याख्येत सापडतो आणि उदाहरणाच्या वाक्यात पक्का होतो.

प्रतिशब्दांची यादी सर्वत्र निरुपयोगी ठरते असे मात्र नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, बडोदे संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभारातील शब्दांचा कोश सिद्ध केला आणि इंग्रजी संज्ञांपुढे मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द मांडले. कारभारातील संज्ञेचा अर्थ आधी ठरवलेला असतो, म्हणून तेथे शब्दास शब्द देता येतो. रोजच्या बोलण्यातील शब्दांचा अर्थ असा कोणी ठरवून दिलेला नसतो, आणि अडचण तेथेच आहे.

साधने

पहिले साधन म्हणजे शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. येथे 'शिकणाऱ्यांसाठी' या शब्दावर भर आहे, कारण इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेला मोठा कोश उघडला तर एका कठीण शब्दाच्या व्याख्येत आणखी तीन कठीण शब्द भेटतात आणि वाचणारा पानापानांवर भटकत राहतो. ही अडचण ओळखून तिच्यावर उपाय शोधणाऱ्यांपैकी मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होते, म्हणजे हा विचार आपल्याच उपखंडातील विद्यार्थ्यांना पाहून पुढे आला. त्यांच्या १९३५ सालच्या कोशात सुमारे २४,००० नोंदींच्या व्याख्या अवघ्या १,४९० शब्दांत दिल्या आहेत. जपानमध्ये शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. आजच्या 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी'चा तो पूर्वज होय. लाँगमनच्या १९७८ सालच्या कोशाने सुमारे २,००० सोप्या शब्दांतच सर्व व्याख्या बसवल्या, आणि १९८७ च्या कोलिन्स कोबिल्ड कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली. आठवी-नववीपर्यंतचे इंग्रजी ज्याला वाचता येते, त्याला हे कोश वाचता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि कोलिन्स यांचे असे कोश आता मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. जाड छापील कोश चाळून पाहायची हौस असेल तर १९१० साली सुरू झालेल्या, मांडवीजवळच्या आपल्या बडोद्यातील मध्यवर्ती ग्रंथालयात एखादी दुपार घालवावी. शेजारच्या चार नोंदी डोळ्यांखालून जाण्याचे सुख मोबाइलमध्ये नाही.

दुसरे साधन वही. एका शब्दाला अर्धे पान द्यावे आणि कागदाची काटकसर करू नये. या लेखात मी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले असले, तरी वहीत ते रोमन लिपीतच लिहावेत, कारण स्पेलिंग डोळ्यांना सवयीचे व्हावे लागते आणि देवनागरी उच्चार आघाताविषयी काहीच सांगत नाही. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर 'रे'वर पडतो, क्रियापद असेल तर 'कॉर्ड'वर. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. उच्चार कोशातील ध्वनिचिन्हावर बोट ठेवून ऐकावा आणि दोनदा मोठ्याने म्हणावा.

कोणते शब्द घ्यावेत

बाजारात मिळणारी हजार कठीण शब्दांची पुस्तके बाजूला ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतील बहुतेक शब्द वाचणाऱ्याला वर्षभरात एकदाही भेटत नाहीत, आणि न भेटणारा शब्द स्मरणात राहत नाही. त्याऐवजी आपण जे वाचतो त्यातूनच शब्द उचलावेत: वर्तमानपत्रातील एखादी बातमी, बँकेचे पत्र, मुलाच्या शाळेची सूचना, औषधाच्या खोक्यातील कागद. अनोळखी शब्द पहिल्यांदा दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून पुढे जावे, आणि तोच शब्द दुसऱ्यांदा दिसला की वहीत घ्यावा. दुसऱ्यांदा भेटण्याची ही अट साधी वाटते, पण दुर्मीळ शब्द गाळण्याचे काम ती चोख करते.

दिवसाला पाच शब्द पुरेत. आठवड्यातील सहा दिवस हे चालू ठेवले तर वर्षाला सुमारे दीड हजार शब्द होतात. त्यांतील निम्मे जरी हाती राहिले, तरी वर्तमानपत्र वाचताना फरक जाणवतो. पहिल्या उत्साहात दिवसाला तीस शब्द घेणारे विद्यार्थी माझ्याकडे येऊन गेले आहेत. दुसऱ्या आठवड्यानंतर त्यांची वही दिसली नाही.

व्याख्या वाचण्याची रीत

कोश उघडण्यापूर्वी अर्थाचा अंदाज करावा आणि तो पेन्सिलीने लिहून ठेवावा. चुकलेला अंदाजही उपयोगी पडतो, कारण आपण काय समजलो होतो आणि खरे काय निघाले यांतील अंतर मनात राहते.

व्याख्या कशी बांधलेली असते हे समजण्यासाठी मी मुलांना आधी स्वयंपाकघरातील वस्तूंच्या व्याख्या मराठीत करायला सांगतो. झारा म्हणजे काय? 'पुऱ्या काढायचा चमचा' असे उत्तर लगेच येते. मग डाव कसला, असे विचारले की मुले थांबतात, आणि थोड्या चर्चेनंतर 'कढईतील तळण तेलातून निथळून बाहेर काढण्यासाठी वापरायचा, चपट्या टोकाला छिद्रे असलेला, लांब दांड्याचा चमचा' अशी व्याख्या तयार होते. या व्याख्येत तीन गोष्टी आहेत: वस्तू कोणत्या जातीची आहे, त्या जातीतील इतरांपासून ती कशाने वेगळी आहे आणि ती कशासाठी वापरतात. इंग्रजी कोशातील नामांच्या बहुतेक व्याख्या याच मापाच्या असतात. व्याख्या वाचताना जात दाखवणाऱ्या शब्दाखाली एक रेघ आणि वेगळेपण दाखवणाऱ्या शब्दांखाली दोन रेघा मारल्या, की लक्ष योग्य जागी जाते.

क्रियापदांत आणि विशेषणांत मात्र वेगळेपण बारीक असते. 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' या दोन्ही शब्दांच्या व्याख्यांत पैसे कमी खर्च करणे आहेच. पण पहिल्यात पैसा जपून, विचाराने वापरणे आहे आणि दुसऱ्यात ऐपत असूनही द्यायला हात न सुटणे आहे. काही कोशांत दुसऱ्या प्रकारच्या शब्दांपुढे नापसंती दाखवणारी लहान खूण असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपण मराठीत आजोबांना काटकसरी म्हणतो आणि शेजाऱ्याला कद्रू म्हणतो. दोघांची खर्चाची वही कदाचित सारखीच असेल. हा सूर व्याख्येतून उचलला नाही तर सत्काराच्या भाषणात कोणाला तरी 'स्टिंजी' म्हणण्याची वेळ येते.

बाकीच्या खुणा थोडक्यात सांगतो. नामापुढे 'सी' असेल तर ते मोजता येते, 'यू' असेल तर मोजता येत नाही. 'ॲडव्हाइस' हे 'यू' आहे, म्हणून मराठीत दोन सल्ले देता येत असले तरी इंग्रजीत 'टू ॲडव्हाइसेस' होत नाही. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन' आणि 'इक्विपमेंट' यांचेही तसेच. व्याख्येत दिसणारे 'एसबी' आणि 'एसटीएच' हे संक्षेप 'समबडी' आणि 'समथिंग' यांचे आहेत, आणि ते क्रियापदानंतर माणूस येतो की वस्तू हे सांगतात. एका शब्दाचे पाच अर्थ दिलेले असतील तर आपल्या वाक्यात बसणारा एकच अर्थ घ्यावा, उरलेले पुढे कधी भेटतील तेव्हा पाहावेत.

उदाहरणाचे वाक्य

बहुतेक शिकणारे व्याख्या वाचून कोश बंद करतात. खरा माल त्याखालच्या तिरप्या अक्षरांतील वाक्यांत असतो. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, हे कोण करते? 'रिसीड' हे क्रियापद घ्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले तेव्हा इंग्रजी बातम्यांतून मागे हटणाऱ्या पाण्यासाठी ते वाचायला मिळत होते. मराठीत पूर ओसरतो, म्हणून 'ओसरणे' असा प्रतिशब्द लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु मराठीत गर्दीही ओसरते आणि सूजही ओसरते. इंग्रजीत पाणी 'रिसीड' होते, धोका 'रिसीड' होतो, आणि कपाळावरचे केसही 'रिसीड' होतात, ज्यांच्या बाबतीत 'ओसरणे' म्हटले तर मराठी माणूस हसेल. गर्दीसाठी मात्र 'द क्राउड थिन्ड आउट' आणि सुजेसाठी 'द स्वेलिंग वेन्ट डाउन' असे म्हणावे लागते. दोन शब्दांची वर्तुळे एकमेकांवर थोडी चढलेली आहेत, पण त्यांची केंद्रे वेगळी आहेत. कोशातील तीन-चार वाक्यांचे कर्ते एका ओळीत लिहिले की इंग्रजी शब्दाचे वर्तुळ कोठवर जाते ते दिसू लागते.

दुसरा प्रश्न, शब्दानंतर लगेच काय येते? मराठीत आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून इंग्रजीत 'डिस्कस अबाउट' म्हणतो. कोशातील वाक्यांत मात्र 'डिस्कस'नंतर थेट विषय येतो. आपण स्टेशनला पोहोचतो, म्हणून 'रीच टू द स्टेशन' म्हणतो. तेथे 'टू' नको. उलट 'एक्सप्लेन'नंतर माणूस आला तर 'टू' हवाच, आणि 'एक्सप्लेन मी' हे चुकीचे आहे. 'अव्हॉइड'नंतर 'टू गो' येत नाही, 'गोइंग' येते. हे नियम व्याकरणाच्या पुस्तकातून पाठ करणे कंटाळवाणे आहे. शब्द वहीत घेतानाच त्याच्या शेपटासकट घेतला, म्हणजे 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' असा लिहिला, तर नियम वेगळा शिकावा लागत नाही.

तिसरा प्रश्न, सोबतीला कोण आहे? आपल्याकडे चहा कडक असतो, इंग्रजीत तो 'स्ट्राँग' असतो. 'हार्ड टी' कोणी पीत नाही. आपल्याकडे पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा, परंतु इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. याला कारण विचारू नये. मराठीत लग्न ठरते आणि भांडण पेटते, याला तरी काय कारण देणार? विशेषण आणि नाम, किंवा क्रियापद आणि कर्म, ही जोडी एकत्रच उतरवून घ्यावी.

मराठी अर्थ शेवटी लिहावा

मराठी टाळावी असे माझे म्हणणे नाही, तिला पहिल्या जागेवरून उठवून शेवटच्या जागी बसवावे एवढेच आहे. 'रिलक्टंट' हा शब्द इंग्रजी-मराठी कोशात 'नाखूश, अनिच्छुक' असा सापडतो, आणि एवढेच वाचलेला मुलगा 'ही इज रिलक्टंट विथ मी' असे लिहितो, कारण मराठीत माणूस माणसावर नाखूश असू शकतो. आता व्याख्येचा आशय पाहा: एखादे काम करायची इच्छा नसल्यामुळे ते करायला कचरणे, किंवा केलेच तर रेंगाळत करणे. उदाहरणांत 'रिलक्टंट'नंतर 'टू' आणि क्रियापद येते. हे कळल्यावर मराठी शब्द शोधायला लागले की 'अनिच्छुक' मागे पडतो आणि 'जिवावर येणे' हा आपला रोजचा वाक्प्रचार समोर येतो. पहाटे उठायला जिवावर येते, उसने पैसे द्यायला जिवावर येते. अशा वेळी वहीत 'जिवावर येणे' हेच लिहावे, कारण ते घरातले आहे आणि इंग्रजी शब्दाच्या मापाचेही आहे. चांगला मराठी अर्थ नेहमी एका शब्दात मिळेलच असे नाही; कधी वाक्प्रचार मिळतो, कधी अख्खे वाक्य लिहावे लागते.

उलट दिशेनेही हा खेळ करावा. 'काळजी' हा एक मराठी शब्द घेऊन त्याची वाक्ये इंग्रजीत नेऊन पाहा: आजीची काळजी घेतली, निकालाची काळजी वाटते, काच आहे, काळजीपूर्वक उचल. पहिल्यात 'टेक केअर ऑफ', दुसऱ्यात 'वरीड अबाउट', तिसऱ्यात 'केअरफुली'.

स्वतःचे वाक्य आणि त्याची परीक्षा

आता शब्द वापरायचा आहे. पहिले वाक्य कोशातील वाक्याच्या साच्यावरच बेतावे, फक्त माणूस, जागा किंवा वस्तू बदलावी. हे नक्कल करणे आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. दुसरे वाक्य मात्र स्वतःच्या आयुष्यातील आणि खरे असावे.

पुष्कळांची वाक्ये या ठिकाणी बेचव होतात. 'ही वॉज रिलक्टंट' हे व्याकरणाने शुद्ध आहे आणि निरुपयोगी आहे. ते ओळखण्यासाठी शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवून वाक्य दुसऱ्याला वाचायला द्यावे. 'ही वॉज' याच्यापुढे उंच, आजारी, श्रीमंत असे काहीही बसते, म्हणून हे वाक्य शब्दाविषयी काहीच सांगत नाही. आता हे पाहा: 'माय फादर वॉज रिलक्टंट टू सेल द ओल्ड हाऊस इन दांडिया बाजार, बट इन द एंड ही साइन्ड द पेपर्स.' येथे शब्द झाकला तरी वडिलांचे मन नव्हते आणि तरीही त्यांनी सही केली हे वाक्यच सांगते, आणि रिकाम्या जागी दोन-तीन शब्दांहून अधिक काही बसत नाही. 'बट', 'बिकॉज', 'ऑल्दो', 'सो' यांपैकी एखादे अव्यय घालून वाक्य लांबवले की ही परीक्षा सहसा उत्तीर्ण होता येते.

वाक्य बरोबर आहे की नाही हे तपासायला जवळ शिक्षक नसेल, तर आपण जुळवलेले दोन-तीन शब्द अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधावेत आणि चांगल्या वर्तमानपत्रांत ती जुळणी सापडते का ते पाहावे.

उजळणी

विसरणे किती झपाट्याने होते हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडले: सुरुवातीच्या काही तासांत फार, नंतर हळूहळू. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री, दुसरी दुसऱ्या दिवशी, नंतर चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करावी. उजळणी म्हणजे पान पुन्हा वाचणे असे समजू नये. पान वाचताना सगळेच ओळखीचे वाटते आणि तेच फसवे असते. शब्द झाकून आपले वाक्य मोठ्याने म्हणावे, रिकामी जागा मनाने भरावी आणि मगच हात काढावा.

वहीऐवजी चिठ्ठ्या वापरायच्या असतील तर जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी लोकप्रिय केलेली खोक्याची युक्ती घरी सहज करता येते. लग्नाच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्याचे पुठ्ठ्याने पाच कप्पे करावेत. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते. आठवली की पुढच्या कप्प्यात सरकते, विसरली की पुन्हा पहिल्यात येते. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड आणि पुढचे अधिकाधिक अंतराने पाहावेत. चिठ्ठीच्या एका बाजूला व्याख्या आणि गाळलेल्या जागेचे वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द. नुसता शब्द एका बाजूला आणि मराठी अर्थ दुसऱ्या बाजूला लिहिला, तर आपण फिरून उभ्या रेघेच्या वहीकडेच गेलो असे समजावे.

महिन्याच्या उजळणीत शब्दाचे कुटुंबही पाहून घ्यावे. 'रिलक्टंट'वरून 'रिलक्टन्स' आणि 'रिलक्टंटली', 'डाउट'वरून 'डाउटफुल'. याला दोन मिनिटे पुरतात.

काही शब्द सहा-सहा वेळा पहिल्या कप्प्यात परत येतात. त्यांच्याशी झुंजत बसू नये. बहुतेक वेळा दोष वाक्यात असतो, म्हणून आधी जुने वाक्य खोडून नवे करावे. तेही टिकले नाही, तर ती चिठ्ठी काढून टाकावी आणि बातमीत तो शब्द पुन्हा दिसेपर्यंत त्याला विसरून जावे. माझ्याकडे अशा काढून टाकलेल्या चिठ्ठ्यांचे एक पाकीट आहे आणि त्यातील पाच-सहा तरी दर वर्षी आपापल्या पायांनी खोक्यात परत येतात.